दोन्हीकडून दिसणारा पडदा

मी एक जुना पडदा आहे. खिडकीला लावतात तो नव्हे, आणि नाटकाच्या थिएटरातला मखमली तर मुळीच नव्हे. मित्रांनो, मी सिनेमाचा पडदा आहे, तोही सुरतेच्या नवागाममधला, आणि हे सांगताना माझी छाती फुगते. पडद्याला छाती कुठली, असं कुणी म्हणेल. अंगणात वारा सुटला की येऊन बघा.

माझा जन्म यंत्रमागावर झाला. सुरतेत कापड विणलं गेलं की त्याचं पुढचं सगळं ठरलेलं असतं. पांडेसऱ्याच्या कारखान्यात जायचं, रंगात बुडायचं, अंगावर वेली, फुलं, मोर छापून घ्यायचे आणि साडी होऊन कुणाच्या तरी लग्नाला मिरवायचं. माझ्या भावंडांचं तसंच झालं. मी मात्र फारच पातळ विणला गेलो होतो. तपासणाऱ्याने मला दिव्यासमोर धरलं, तर माझ्यातून त्याला पलीकडे उभा असलेला माणूस दिसला. त्याने नाक मुरडलं आणि मला बाजूला टाकलं. नाकारलेल्या तुकड्यांच्या ढिगात पडून मी त्या मोरवाल्या साड्यांकडे बघत बसलो. खोटं कशाला सांगू, मी जळून खाक झालो होतो.

त्याच कारखान्यात याकोब गावित घडी खात्यात कामाला होते. मूळचे नवापूरकडचे, ख्रिस्ती घराणं. त्यांची मुलगी मार्था बारावी करून साड्या खोक्यात भरायच्या कामाला लागली होती. या मुलीला वाचायचा, बघायचा आणि ऐकायचा भारी नाद. बरं, नाद स्वतःपुरता ठेवला असता तर गोष्ट वेगळी. पण काही चांगलं हाती लागलं की ते चार जणांच्या गळी उतरवल्याशिवाय तिला जेवण गोड लागत नसे. तिने बापामागे टुमणं लावलं, "बाबा, एक पांढरं कापड आणा. मोठं." याकोबनी मुकादमाला विचारून मला घरी आणलं. मार्थाच्या आईने माझे पट्टे एकमेकांना शिवले, चारी कोपऱ्यांना नाड्या लावल्या, आणि मी पडदा झालो.

ही गोष्ट बऱ्याच वर्षांपूर्वीची. तेव्हा आमच्या चाळीत केबल आली नव्हती. आमचं प्रार्थनाघर म्हणजे भाड्याची एक खोली आणि पुढे थोडं अंगण. अंगणाचं तोंड चाळीच्या गल्लीत उघडायचं, आणि नेमकं त्या तोंडावर मला बांधायचे. माझ्या पुढे अंगणात आमची मंडळी सतरंजीवर बसायची. माझ्या मागे गल्लीत चाळीतले शेजारी खाटा टाकून बसायचे. ते सगळे धुळे-जळगावकडचे, अहिराणी बोलणारे हिंदू लोक, यंत्रमागावर राबणारे. त्यांना अंगणात या म्हटलं तरी संकोच वाटायचा. आणि मी इतका पातळ, की चित्र त्यांना मागूनही स्वच्छ दिसायचं. ज्या दोषापायी मला फेकून दिलं होतं, त्याच दोषामुळे माझ्याकडे दुप्पट गर्दी जमायची. सांगा बरं, कुठल्या मोरवाल्या साडीने एवढी माणसं जमवली असतील?

महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दिवेलागण झाली की मार्था माझ्याशेजारी उभी राहायची. "या महिन्यात मी हे वाचलं, हे बघितलं, हे ऐकलं," असं तिचं सुरू व्हायचं. कधी एका नर्सबाईच्या आठवणींचं पुस्तक. त्यातलं अर्धं पान वाचून ऐन रंगात आलं की मिटायचं आणि म्हणायचं, "पुढचं पुस्तकात." कधी पावरीवर, म्हणजे भोपळ्याच्या फुंकवाद्यावर, वाजवलेल्या भजनांची कॅसेट. आमच्या नवापूरकडच्या लोकांना पावरीचा सूर ऐकला की गाव आठवायचं, आणि म्हातारी माणसं मान खाली घालून बसायची. मग मिशनच्या प्रोजेक्टरवर सिनेमा. तिचा एक कडक नियम होता: जे स्वतः शेवटपर्यंत वाचलं-बघितलं नाही, त्याची शिफारस करायची नाही. एकदा कुणी तिला एक जाडजूड धर्मग्रंथ दिला आणि म्हणाला, याच्याविषयी सांग. ती म्हणाली, "अजून अर्धाच झालाय. पुढे कसा निघेल मला काय माहीत?"

शोभाबाई म्हणून एक बाई गल्लीत पहिल्या खाटेवर असायच्या. त्यांनी आपल्या सुनेकडून ते नर्सबाईचं पुस्तक वाचून घेतलं आणि परत आणून देताना मार्थाला म्हणाल्या, "आजून शे का असं?" आणखी मागितलेलं ऐकून मार्था त्या दिवशी हवेत चालत होती.

आता प्रोजेक्टर असायचा भाईदास वडिलांच्या कपाटात. वडील म्हणजे बाप नव्हे बरं का. आमच्या मंडळीत कारभार बघणाऱ्या जाणत्या माणसाला वडील म्हणतात. भाईदास वडील सरळ माणूस. पत्रा गळायला लागला तर स्वतः वर चढायचे. पण एकदा मनाने घेतलं की घेतलं.

एका महिन्यात मार्थाने एक जुना, काळा-पांढरा सिनेमा मागवला होता. भाषा कुठल्या तरी समुद्रकाठची, आमच्यात कुणालाच न कळणारी. गोष्ट एका कोळिणीची. भाईदास वडिलांनी रविवारी उपासना सुटल्यावर तिला थांबवलं.

"यात प्रभूचं नाव आहे का?"

"नाही काका."

"प्रार्थना? वचन? काही?"

"नाही. पण काका, तुम्ही एकदा बघून तर घ्या."

"मला बघायची गरज नाही," ते म्हणाले. "मार्था बेटा, हा प्रोजेक्टर प्रभूच्या कामासाठी आहे, करमणुकीसाठी नाही. तुझा शब्द गेलाय म्हणून हा शनिवार होऊन जाऊ दे. पुढच्या रविवारी मी सभेत ठेवणार. मंडळीने हो म्हटलं की शनिवार बंद, आणि कपाटाची किल्ली मी कुणाला देणार नाही."

मार्था घरी जाऊन रडली. मी तिच्याच खोलीत फळीवर होतो, मला ठाऊक आहे. तिला त्या शनिवाराशिवाय दुसरं काही नव्हतं हो. दिवसभर साड्या खोक्यात भरायच्या, आणि महिनाभर त्या एका संध्याकाळची वाट बघायची. आणि माझं काय होणार होतं? खाटेवरची चादर, नाहीतर फरशी पुसायचं फडकं.

शनिवार आला. मला बांधलं. प्रोजेक्टर खडखडायला लागला आणि माझ्यावर समुद्र आला. मार्था शेजारी उभी राहून मराठीत गोष्ट सांगत होती. एका कोळिणीचा मुलगा समुद्रावर गेलाय. ती रोज संध्याकाळी त्याचं ताट वाढून ठेवते. तो येत नाही. मग दारावरून जो जाईल त्याला ती हाक मारते आणि त्या ताटावर जेवायला बसवते.

अशात माझ्या पाठीला जाणवलं की गल्लीत कुणीतरी येऊन भिंतीला टेकलंय. डोक्याला मफलर गुंडाळलेला, चेहरा अर्धा झाकलेला. उन्हाळ्याच्या दिवसांत मफलर.

"बठा ना दादा, उभा काबर शेतस?" शोभाबाई म्हणाल्या आणि खाटेवर सरकल्या.

तो माणूस आधी नको-नको म्हणाला, मग टेकला. शेवटी सिनेमात असं येतं की त्या बाईच्या घरी चोरी करणारा माणूस पकडला जातो, लोक त्याला झोडपतात, त्याचे हात सुजतात. त्याला घास उचलता येत नाही. तेव्हा ती म्हातारी त्याला आपल्या मुलाच्या ताटावर बसवते आणि स्वतःच्या हाताने भरवते. "मनी माय बी अशीच व्हती," शोभाबाई पदर डोळ्यांना लावत म्हणाल्या. शेजारच्या माणसाने मफलरचं टोक डोळ्यांवर दाबलं. फीत संपून माझ्यावर नुसता पांढरा उजेड उरला, तेव्हा कुठे तो उठून निघून गेला.

रविवारी सभा भरली. मला घडी करून खिडकीत ठेवलं होतं, तिथून सगळं ऐकू येत होतं. भाईदास वडील उभे राहिले. प्रार्थनाघर कशासाठी असतं, तरुण मुलं कुठे वाहवत चाललीत, हे सगळं त्यांनी शांतपणे मांडलं. लोक माना डोलवायला लागले. मार्था खाली बघत बसली होती. वडिलांना आणखी जोर चढला.

"ती बाई चांगली दाखवलीय, मी नाही म्हणत नाही," ते म्हणाले. "पण त्या चोराला घास भरवते तो डाव्या हाताने. आपल्या घरात कुणी डाव्या हाताने भरवतं का? पोरांनी हेच शिकायचं?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मार्थाने मान वर केली.

"काका, तिने उजव्या हातानेच भरवला. आम्ही सगळ्यांनी बघितलं."

"डाव्या. मी माझ्या डोळ्यांनी..." आणि ते थबकले.

याकोबनी हळूच विचारलं, "वडील, तुम्ही बसला होतात कुठे?"

खिडकीबाहेरच्या नळावर शोभाबाई कळशी भरत होत्या. त्यांनी खिडकीतून आत बघितलं. "मनी खाटवर बठेल व्हतात ना," त्या सहज म्हणाल्या. "शेवटलोंग."

कारण मित्रांनो, माझ्या पाठीमागून चित्र उलटं दिसतं. उजवा हात तिकडे डावा होतो. शोभाबाई तर कितीतरी दिवस समजत होत्या की सिनेमातली माणसं सगळी डावखुरीच असतात.

खोलीत हशा पिकला. मार्था मात्र हसली नाही, तिला त्यांची दया आली. वडील खुर्चीत बसले. मग म्हणाले, "बघणार नाही म्हणालो होतो आणि लपून बघितलं. मी सुरतेला आलो तेव्हा माझी आई गावी माझं ताट वाढून ठेवायची. रोज. शेजारीण सांगायची. मी हसण्यावारी नेलं, आणि आई गेली तेव्हाही वेळेवर पोचलो नाही. काल त्या बाईला बघितलं आणि मला ते सगळं आठवलं. प्रभूचं नाव त्या सिनेमात नाही, हे खरं. पण घरी जाऊन मी गुडघे टेकले, तसे मागे कधी टेकले होते ते मला आठवत नाही."

त्यांनी खिशातून किल्ली काढली आणि मार्थापुढे ठेवली. मार्थाने ती उचलली नाही.

"काका, शेवटपर्यंत बघितलंत ना? मग नियमाप्रमाणे शिफारस तुम्ही करायची."

वडील उठले. मफलर नव्हता, म्हणून रिकामाच गळा चाचपला. "हा सिनेमा बघा," ते म्हणाले, आणि थोडं थांबून, "मी पुन्हा बघणार आहे."

आता घरोघरी टीव्ही आले. मार्थाचं लग्न झालं, ती सुरतेतच डिंडोलीला राहते, आणि मी तिच्या पेटीत असतो. पण शनिवार अजून होतो. नेहमी नाही, जमेल तेव्हा. मित्रांनो, तुमच्या घरीही माझ्यासारखं कुणी पडून असेल, तर त्याला अधूनमधून बाहेर काढा, ऊन दाखवा. आणि दर वेळी त्याच घडीवर दुमडू नका. घडीची रेघ कायमची बसते आणि मग चांगल्या माणसाच्या तोंडावर उमटते. आणि काही चांगलं वाचलंत, बघितलंत, ऐकलंत, तर तेही पेटीत घालून ठेवू नका. शेजाऱ्याला सांगा.

माझ्या अंगावर एकही मोर छापला गेला नाही. त्याचं मला आता काडीचंही वाटत नाही. गेल्या नाताळात मला अंगणात बांधलं, तेव्हा भाईदास वडिलांसाठी पुढे खुर्ची मांडली होती. ते काठी टेकत आले, खुर्ची उचलायला सांगितली, आणि सगळ्यांच्या देखत मला वळसा घालून गल्लीत गेले. शोभाबाई खाटेवर सरकल्या होत्याच.