दीडच्या स्पीडवरचा पहिला नंबर

वर्षातले सर्वोत्तम दहा सीझन निवडणं म्हणजे काय डोक्याला ताप असतो, ते निवडणाऱ्यालाच विचारा. लोकांना वाटतं, काय मजा आहे याची, दिवसभर मालिका बघत बसतो. ताईचा नवरा भेटला की विचारतो, सध्या काय चांगलं आहे रे? मी सांगतो. तो बघत नाही. पुढच्या वेळी परत विचारतो.

या वर्षी मी त्र्याहत्तर सीझन पाहिले. मोजलेत.

आमचं ऑफिस म्हणजे झेरॉक्सच्या दुकानावरच्या दोन खोल्या. तिथून आमची मालिकांची वेबसाइट चालते. संपादक बाई आहेत, त्यांना सगळे बाईच म्हणतात. आणि एक सीनियर लेखक आहे, त्याचं नाव मी पूर्णविराम ठेवलंय. कारण कुठल्याही वादात तो "विषय संपला" म्हणतो आणि खरंच कोणी पुढे बोलत नाही. वर्षअखेरची यादी गेली तीन वर्षं त्याच्या नावाने जाते. बघायचं मी, टिपणं काढायची मी, नाव त्याचं. आयत्या बिळावर नागोबा.

या वर्षी बाई म्हणाल्या, यादी तुझी, नाव पण तुझं.

मी त्या दिवशी दोन जिने उड्या मारत उतरलो. खोटं कशाला बोलू. आधी मी मोबाइल दुरुस्तीच्या काउंटरवर होतो. लिहायला कोणी शिकवलं नाही. दुसऱ्यांचं वाचलं, आपलं लिहिलं, खोडलं, परत लिहिलं. आई घरी कपडे शिवते आणि तिला आजपर्यंत कळलेलं नाही की मी नक्की काय करतो. शेजाऱ्यांनी विचारलं तर सांगते, कॉम्प्युटरवर असतो. मला तिला माझं नाव छापलेलं दाखवायचं होतं. बस, तेवढ्यासाठी हा सगळा आटापिटा.

पहिला नंबर ठरवायला मला वेळच लागला नाही. लाकडाची वखार चालवणारे दोन भाऊ, एकमेकांशी धड न बोलणारे, त्यांचा तिसरा सीझन. मी लिहिलं, "एका क्षणाचीही उसंत नाही." यादी शुक्रवारी सकाळी दिली. सोमवारी जाणार होती.

शुक्रवारी दुपारी घरी लवकर आलो. आईची पाठ धरली होती, मशीनवर बसता येत नव्हतं. म्हटलं, चल, तुला वर्षातली सगळ्यात भारी गोष्ट दाखवतो. उशी दिली पाठीला, टीव्ही लावला.

पाच मिनिटं झाली. थोरला भाऊ कपात चमचा फिरवत होता.

आई म्हणाली, "हा चहा ढवळतोय का समुद्रमंथन करतोय?"

मी म्हटलं, थांब जरा, पुढे बघ. पुढे तो खुर्ची ओढायला लागला. ओढतोय, ओढतोय. धाकटा दारात उभा राहून श्वास घेतोय. मला वाटलं नेट गंडलंय. वायफायचा डबा बंद करून चालू केला. रिमोटचे सेल काढून परत घातले, त्याचा काय संबंध होता देव जाणे. आई वैतागून म्हणाली की तू बस रे एका जागी, तो माणूस तरी कधीतरी बसेल.

मग मी टीव्हीवरचा स्पीड बघितला. साधा, एकचा.

झालं असं की ऑफिसात आम्ही सगळं दीडच्या स्पीडवर बघतो. एवढे सीझन संपणार कसे नाहीतर? सगळ्या कॉम्प्युटरवर दीडच लावलेलं असतं. पहिला आठवडा माणसं खारीसारखी बोलतात असं वाटतं, मग कान सरावतो, मग विसरायलाच होतं. मी तर सपशेल विसरलो होतो. वखारीच्या त्या मरतुकड्या सीझनला जी चपळाई होती ती आमच्या कॉम्प्युटरची होती. आणि मी तिला वर्षातला पहिला नंबर दिला होता.

आईने माझ्या हातातून रिमोट घेतला आणि स्वतःच काहीतरी लावलं. हरवलेल्या सामानाच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईची मालिका. ती मी एक्केचाळिसाव्या नंबरवर टाकली होती. टिपणात लिहिलं होतं, "सतत किचकिच. छत्रीचा सीन निरर्थक."

छत्रीचा सीन असा आहे. एक म्हातारा रोज खिडकीवर येतो, माझी छत्री हरवली म्हणतो. बाई चार छत्र्या काढून ठेवते. तो एकेक उघडून बघतो. तिसरी त्याचीच असते. तिला माहीत असतं, त्याला माहीत असतं. तो ती हातात धरून थांबतो. मग मिटून ठेवतो आणि म्हणतो, नाही हो, यातली नाही, उद्या येतो परत.

ते थांबणं. ऑफिसात ते मला दिसलंच नव्हतं. एवढंसं होऊन निघून गेलं होतं.

आईच्या पाठीमागची उशी सरकली होती, ती तिने सारखी केली नाही. आम्ही तीन भाग बघितले.

सोमवारी बाईंना सगळं सांगितलं. पूर्णविराम शेजारच्या टेबलावरून हसला. म्हणाला, अरे बाळा, वाचणारे पण दीडवरच बघतात, त्यांना कुठे फरक पडतो. विषय संपला.

मी म्हटलं, माझा नाही संपला.

बाई घड्याळाकडे बघत होत्या. चित्रं तयार होती, पाच वाजता यादी जायची होती. त्या म्हणाल्या, ठीक आहे, पहिला नंबर बदल आणि मोकळा हो. मी म्हटलं, आणि बाकीचे नऊ? त्यातले किती खरे चांगले आणि किती आमच्या स्पीडने चांगले, मला काय माहीत? नीट बघायचे तर महिना जाईल. त्या म्हणाल्या, मग तू नक्की किती सीझन पाहिलेस, ते सांग एकदा.

शनिवार-रविवारी छत्रीची मालिका पुरी केली होती, ती धरून मोजलं. "एक," मी म्हटलं.

मला वाटलं आता हाकलतात.

"दहाची यादी एकाची होत नाही," त्या म्हणाल्या. "नाव पाहिजे का नको, तेवढं बोल."

काय राग आला होता मला. त्यांचा नाही. स्वतःचा, त्या कॉम्प्युटरचा, त्र्याहत्तर या आकड्याचा. तीन वर्षं ज्याची वाट बघितली ते हातात आलेलं आणि मीच ते खाली ठेवत होतो. मी म्हटलं, यादीवर नको. छत्रीवर लिहितो, त्याच्याखाली टाका.

पाच वाजता यादी गेली, जशीच्या तशी. पूर्णविरामच्या नावाने, वखारवाले भाऊ पहिल्या नंबरवर, आणि वर माझंच वाक्य, एका क्षणाचीही उसंत नाही. दात ओठ खाऊन बघितलं. संध्याकाळपर्यंत तीनशे जणांनी वाह-वा केली होती. ताईच्या नवऱ्याने मला तीच यादी पाठवली, खाली लिहिलं होतं, बघ, असं लिहायला शीक.

माझा मजकूर मंगळवारी लागला. एका कोपऱ्यात. खाली नाव.

आईला मोबाइल दिला. तिने चष्मा शोधला, पुसला, लावला. मग बोटाने एकेक ओळ वर सरकवत वाचायला लागली. मध्येच मागे जायची. एका ओळीवर तर इतकी थांबली की मला वाटलं मोबाइल अडकलाय. वाचता वाचता मशीनवरचा दोरा पण सारखा केला. मी दोनदा उठलो, पाणी प्यायलो, परत बसलो.

शेवटी तिने माझ्या नावावर बोट ठेवलं आणि तिथेच ठेवून राहिली.

"लांबलंय जरा," ती म्हणाली. "पण सगळं वाचलं मी."