आरामाच्या दिवसाचं चाक

मी एक जुनं चाक आहे, मित्रांनो. अख्खी सायकल नव्हे, नुसतं पुढचं चाक. मागच्या चाकाला साखळी असते, दातेरी चकत्या असतात, त्याची मिजास वेगळी. आम्हाला कोण विचारतो? पण रस्त्यातला खड्डा आधी आमच्याच वाट्याला येतो, एवढं लक्षात ठेवा.

मला आप्पांनी घडवलं. त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान एवढंसं होतं की गिऱ्हाईक आत आलं की आप्पांना बाहेर यावं लागे. तिथं स्टुलावर बसून त्यांनी माझी एकेक तार ओवली आणि मग आउट काढला. आउट काढणं म्हणजे चाक फिरताना डुलत असेल तर इकडची तार कसायची, तिकडची सैल सोडायची आणि त्याला सरळ आणायचं. आप्पांचा हात असा की मी फिरतोय की थांबलोय, बघणाऱ्याला कळू नये. हा सगळा खटाटोप लेकीच्या पहिल्या मोठ्या सायकलीसाठी होता.

लेकीला सगळे मुंगी म्हणत. अंगानं बारीक, आणि घटकाभर स्वस्थ बसेल तर शपथ! तिची आई ती लहान असतानाच गेली. आप्पांच्या मोठ्या बहिणीनं, म्हणजे आत्यानं, तिला वाढवलं. मुंगीनं मला शाळेत नेलं, बाजारात नेलं, पुढं कपडे धुण्याच्या कारखान्यात नोकरी लागली तिथंही नेलं. दवाखान्यांच्या चादरींचे ढीग तिथं येत आणि ती वाफेच्या इस्त्रीपुढं दिवसभर उभी असे. संध्याकाळी पाय सुजायचे, तरी घरी येताना ती मला पळवतच आणायची. "पोरगी आहे की वारा!" असं लोक म्हणाले की आप्पा मिशीतल्या मिशीत हसत. ते माझे सुखाचे दिवस होते.

मग तिला ट्रायथलॉनचं वेड लागलं. आधी पोहायचं, मग सायकल हाणायची, मग धावायचं, आणि मध्ये बसायचं नाव नाही. आत्यानं हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा विचारलं, "एवढं मर मर केल्यावर देतात काय?"

"पदक देतात, आत्या."

"बाजारात मिळतं की गं ते!"

पण मुंगी गावातल्या पथकात गेलीच. पथकाकडून तिला वापरलेली, पण हलकी सायकल मिळाली, जुनी मोडीत गेली आणि मी तेवढा घराच्या मागच्या भिंतीवर खुंटीला लागलो. माझ्यावर धूळ बसली, एका कोळ्यानं तारांमध्ये संसार थाटला. वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण पोरगी पुढं चाललीय म्हटल्यावर मी मनाची समजूत घातली.

पथकाला शिकवणारे मास्तर मोठे कडक. त्यांची एक रीत होती, तशी दुसरीकडं कुठं नसेल. आठवड्यातला एक दिवस आरामाचा. त्या दिवशी प्रत्येकानं आपल्या सायकलचं पुढचं चाक काढून मास्तरांच्या शेडमध्ये आणून द्यायचं. तिथं प्रत्येकाच्या नावाची खुंटी होती. चाक दुसऱ्या दिवशी पहाटे परत मिळे. लोक हसायचे, पण मास्तर म्हणत, "तुम्हाला पळा म्हणून सांगावं लागत नाही. थांबा म्हणून सांगितलं तर पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून चाकच ठेवून घेतो. अंग कसरतीनं झिजतं बाळांनो, भरून येतं ते झोपेत." मुंगी मान डोलवायची आणि घरी येऊन घरातल्या सगळ्या फरश्या घासायची.

मागच्या वर्षी तिची मोठी शर्यत झाली. पोहणं झालं, सायकल झाली आणि धावताना तिचा दमच संपला. ती रस्त्याच्या कडेला बसली ती बसलीच. आप्पा आणि आत्या शर्यत संपते तिथल्या कमानीपाशी उभे होते. माणसं आली, फोटो झाले, पांगापांग झाली, कमान उतरवायला मजूर आले, तरी आप्पा हलेनात. मग कुणीतरी येऊन सांगितलं. आप्पा तिला एका शब्दानं बोलले नाहीत, पण तिला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं.

त्यातच आप्पांच्या डोळ्यांचं निघालं. काचबिंदू. डॉक्टर म्हणाले, आहे ती नजर हळूहळू जाणार, पुढच्या वर्षाचं काही सांगता येत नाही. त्या दिवशी मुंगी मागच्या अंगणात माझ्याखाली उभी राहून खूप रडली. मग डोळे पुसून आप्पांना म्हणाली, "यंदा मी कमानीतून येणार आणि तुम्ही ते बघणार. मग काय व्हायचं ते होऊ दे."

आप्पा म्हणाले, "बघतो की. तेवढं बघायला ठेवील देव डोळे."

वर्षभर तिनं जिवाचं रान केलं. तळ्याभोवतीचा रस्ता तिला तोंडपाठ झाला. शर्यत जवळ आली तशी मास्तरांनी मेहनत कमी करायला सुरुवात केली. आठवड्यात आरामाचे दिवस वाढले, चाकं पुन्हा पुन्हा खुंटीवर जाऊ लागली. मित्रांनो, या लोकांचं एक विचित्र असतं बघा. मेहनत कमी झाली की अंग हलकं व्हायला हवं, तर त्यांना ते जडच वाटतं. पाय शिशाचे झाल्यासारखे, छातीत धडधड, नसलेली दुखणी दिसायला लागतात. पथकातले दातांचे डॉक्टर तर रोज एक नवा आजार घेऊन मास्तरांकडं जात. मास्तर सगळ्यांना सांगत, "हे असंच होतं. अंग आतून दुरुस्त होत असतं. घाबरू नका, काही करू नका." करू नका, हेच तर कुणाला जमत नाही!

मुंगीला वाटलं, आपली ताकद गेली. मागच्या वर्षासारखं होणार. कारखान्यातून आली की ती पायरीवर बसून पाय चाचपत राही. एका आरामाच्या दिवशी आप्पांनी ते पाहिलं. त्या माणसानं जन्मात कधी सुट्टी घेतली नव्हती. तापानं फणफणत असतानाही त्यांनी पंक्चर काढली होती. आराम म्हणजे आळस, एवढंच त्यांना ठाऊक.

"बसून बसून गंज चढतो पोरी," ते म्हणाले, आणि त्यांनी मला खुंटीवरून खाली काढलं.

काय सांगू तुम्हाला, मला कोण आनंद झाला! आप्पांनी कोळ्याचा संसार उठवला, मला पुसलं, नवी ट्यूब घातली, बोटांनी चाचपून आउट काढला. तिच्या सायकलला मी अगदी बेतानं बसलो. आत्या दारात उभी होती.

"अरे, त्या मास्तरानं चाक ठेवून घेतलं ते काय त्याला हौस म्हणून? अति तिथे माती, सांगून ठेवते."

"अक्का, तू तुझं काम बघ," आप्पा म्हणाले. "मास्तराला काय, त्याच्या पथकात बक्कळ माणसं आहेत. मला एकच लेक आहे."

तेव्हापासून दर आरामाच्या दिवशी हे सुरू झालं. सकाळी मुंगी शहाण्या मुलीसारखी आपलं चांगलं चाक मास्तरांच्या खुंटीला लावून यायची आणि कामावरून सुटल्यावर मला जोडून तळ्याकडं निघायची. आप्पा ओळखीच्या रस्त्यानं, हळूहळू, स्कूटरवर मागून यायचे. आधी सायकल, मग उतरून लगेच धावणं. मला कुंपणाला टेकवून ती पळत सुटायची आणि आप्पा तिथं उभे राहून ओरडायचे, "शाब्बास! आवर, आवर!" जुन्या चाकाला पुन्हा रस्ता मिळाला होता. पण तिच्या डाव्या नडगीत कळ यायला लागली होती. सायकलवर बसताना ती दात ओठ खाऊन पाय टाकायची, ते मला हॅंडलमधून कळायचं. सूज दिसू नये म्हणून मास्तरांपुढं जाताना ती लांब मोजे घालायची. घरी आप्पा त्या नडगीला तेल लावून रगडायचे. "कष्टाचं दुखणं आहे, कष्टानंच जाईल," म्हणायचे. बापाचा हात, ती काय बोलणार?

शर्यत रविवारी होती. त्याच्या आधीचा शेवटचा आरामाचा दिवस आला. मुंगी कारखान्यातून आली ती लंगडतच. आत्या म्हणाली, "आज नको गं बाई." मुंगीचंही मन नव्हतं, मला दिसत होतं. तिनं आप्पांकडं बघितलं. आप्पा स्कूटर पुसत होते. पुसताना त्यांचा हात आरशावरून दोनदा चुकला, तेवढी नजर उतरली होती. ते बघितलं आणि ती मला जोडायला लागली.

तळ्यावर ऊन कलत होतं. सायकल कशीबशी झाली. मला कुंपणाला टेकवून ती धावायला लागली. पहिल्या वळणावरच ती पडली. आप्पांना लांबचं नीट दिसत नव्हतं. त्यांना वाटलं, ठेच लागली.

"ऊठ!" ते ओरडले. "ऊठ पोरी, थोडेच दिवस राहिलेत! ऊठ!"

आणि ती उठली, मित्रांनो. बापानं ऊठ म्हटलं म्हणून उठली. दोन पावलं टाकली. तिसरं टाकलं तेव्हा जो आवाज झाला तो मी कुंपणापाशी ऐकला. तार तुटल्याचा आवाज मला माहीत आहे. हा तसा नव्हता.

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, हाडाला आधीपासून बारीक चीर होती. विश्रांती मिळाली असती तर आपोआप भरून आली असती. आत्यानं हे घरी येऊन शेजारणीला सांगितलं तेव्हा आप्पा अंगणात, माझ्यापाशी, जमिनीवर बसले होते. त्यांनी तोंडात पंचा कोंबला होता.

रविवारी शर्यत झाली. दातांचे डॉक्टरसुद्धा कमानीतून आले म्हणे. संध्याकाळी मास्तर घरी आले. त्यांच्या हातात मुंगीचं चांगलं चाक होतं, चकचकीत, तिच्या नावाची चिठ्ठी तशीच. ते इतके दिवस खुंटीवरच राहिलं होतं.

"तिनं चाक आणून दिलं, म्हणून मी निर्धास्त होतो हो," ते आप्पांना म्हणाले. आप्पांनी मान खाली घातली. चहा तसाच निवला.

मुंगीच्या पायात सळई घातली. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. काठी घेऊन चालते ती आता. डॉक्टरांनी सांगितलं, चालणं जमेल, धावायचं विसरा. कारखान्यात उभं राहणं जमत नाही, म्हणून तिला चादरींच्या घड्या घालायला बसवलंय. आणि आप्पांना आता उजेड आणि अंधार, एवढाच फरक कळतो. कमानीतून यायला ना तिचे पाय राहिले, ना ते बघायला त्यांचे डोळे.

आज सकाळी आप्पा भिंत चाचपत माझ्यापाशी आले. स्टूल ओढलं, मला मांडीवर घेतलं आणि तारा कसायची जुनी चावी काढली. मला वाटलं, आउट काढतायत. पण ते एकेक तार सैल करून ओढून काढायला लागले. नजर नसली तरी बोटं चुकत नव्हती. त्यांनीच ओवलेल्या होत्या ना.

काठीचा आवाज झाला. मुंगी दारात आली.

"आप्पा, राहू दे की ते. माझं पहिलं चाक आहे."

आप्पांनी हात थांबवला नाही.

"तुम्हीच तर खुंटीवरून काढून दिलं होतंत मला," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

"म्हणून तर मीच मोडतोय," आप्पा म्हणाले, आणि पुढच्या तारेला हात घातला.

ती काठी टेकत त्यांच्याशेजारी खाली बसली आणि काढलेल्या तारा गोळा करायला लागली.

माझ्या आता थोड्याच तारा उरल्यात, मित्रांनो. डुलायला लागलोय मी. त्या निघाल्या की मी नुसतं एक कडं, चाक म्हणून बोलायचा नाही. तेवढ्यात एक सांगून घेतो. तुमच्या घरातलं दमलेलं माणूस कधी खाली बसलं, तर त्याला ऊठ म्हणू नका. आधी त्याच्याजवळ जा, आणि कुठं दुखतंय ते विचारा.