मिल्बर्टचा राग

सात आठवडे झाले, हॉलिसच्या गळाला एकही सुरमई लागली नव्हती. शार्लटव्हिल गावच्या धक्क्यावर बाकीचे रोज चार-पाच उतरवत होते, आणि चाळीस वर्षं समुद्रात मुरलेला हा गडी हात हलवत परत येत होता.

"मिल्बर्ट अडवतोय तुझे मासे," जाळं शिवता शिवता ऑथनील म्हणाला. "जिवंतपणी बोलला नाही, आता मेल्यावर सोडतोय होय तुला!"

ऑथनीलने थट्टा केली होती. हॉलिसला मात्र अगदी तसंच वाटत होतं.

मिल्बर्ट त्याचा जिवाभावाचा सोबती. सुरमई खाते ती भरती-ओहोटीचं पाणी फिरतं तेव्हा, तासभर. एरवी नाकासमोर ताजं आमिष नाचवलं तरी ढुंकून बघत नाही. ती घटका ओळखायची मिल्बर्टची रीत साधी होती. खाडीत नांगरलेल्या त्याच्या होडीचं नाक फिरलं की निघायचं. हॉलिसच्या ओट्यावरून तेवढी एकच होडी दिसायची. गेल्या वर्षी रम पोटात गेल्यावर हॉलिसने ही रीत गळ टाकायला आलेल्या एका हौशी पाहुण्याला सांगून टाकली, आणि महिन्याभरात पाहुण्यांच्या बोटी बरोब्बर त्या वेळी सुरमईच्या खडकापाशी हजर! मिल्बर्ट भांडला नाही. त्याने बोलणंच टाकलं. पाच महिने अबोला धरला, मग एका दुपारी छातीत कळ आली आणि गेला. माफी मागायची राहूनच गेली.

तेव्हापासून हॉलिस रोज ओट्यावर बसायचा, होडीचं नाक फिरलं की निघायचा, बांबूच्या काठ्यांना दोऱ्या बांधून खडकाभोवती घिरट्या घालायचा. दोऱ्या सैल त्या सैलच.

"किती दिवस धरून बसशील रे?" तो मोठ्याने म्हणायचा. "चुकलं म्हटलं ना! बरं, तुझी बायको ठीक आहे. छपराचा पत्रा मी बसवून दिला."

स्वतःची बायको वारल्यापासून तो कुणाशी एवढं बोलला नव्हता. मासे नव्हते, पण बोलायला माणूस होतं.

गुरुवारी होडीचं नाक फिरलं. हॉलिस उठला आणि तसाच थबकला. होडीच्या कडेने तांबूस शेवाळाचा पुंजका चालला होता, आणि तो अजून बाहेर, समुद्राकडेच वाहत होता. नाक फिरलं होतं, पाणी फिरलं नव्हतं.

तो पुन्हा ओट्यावर टेकला. मिल्बर्टला पुरल्यावर त्याच्या बायकोने, मर्लवहिनीने, होडीचं इंजिन भाच्याला देऊन टाकलं होतं. जड इंजिन, एका बाजूने खांदा खुद्द हॉलिसनेच दिला होता. बर्फाची पेटीही गेली. वजनाने खोल बसायची तेव्हा होडी पाण्याच्या ओढीने वळायची; रिकामी होडी आता पाण्यावर नुसती तरंगत होती, वारा वळवील तशी वळत होती. साठी उलटलेल्या माणसाला एवढं कळू नये? स्वतःचीच त्याला चीड आली.

शेवाळ थांबेपर्यंत तो बसून राहिला. चांगला दीड तास गेला. मग निघाला. दुसऱ्याच फेरीला बांबू वाकला. तासाभरात चार सुरमया आल्या, एक तर त्याच्या कंबरेपर्यंत येईल एवढी लांब.

धक्क्यावर गलका झाला. "सोडला म्हणायचा राग मिल्बर्टने!" ऑथनील ओरडला.

मर्लवहिनी गर्दीतून पुढे आली. तिने त्याचा ओला हात धरला. "भाऊजी, माफ केलं हो त्यांनी तुम्हाला."

"हो वहिनी," हॉलिस म्हणाला आणि सगळ्यात मोठी सुरमई तिच्या पाटीत ठेवली. इंजिनाचं त्याने कुणालाच सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा शेवाळ बघून निघाला. खडकापाशी दोरी ताणली गेली तसं सवयीने त्याच्या तोंडून निघालं, "हे बघ, मिल्बर्ट..."

मग आठवलं, अडवत होता तो वारा. सात आठवडे रागावलेलं का होईना, कुणीतरी ऐकत होतं. दोरी हाताला काचत होती, मासे खात होते, आणि होडीत तो एकटा होता.