बेलभंडार आणि तांब्याची घागर

सोजराबाईचा नवरा सयाजी ग्रामपंचायतीला उभा राहिला, तेव्हा अख्ख्या वाडीला आनंद झाला. आता फुकटची करमणूक होणार होती ना! सयाजी माणूस सोन्यासारखा, पण तोंड उघडलं की राईचा पर्वत करायचा. त्याच्यासमोर उभे राहिलेले अर्जुनरावही काही कमी नव्हते. पिंपरीला सरकारी औषधांचा कारखाना निघाला, तर साहेबांना ती जागा आपणच दाखवली, असं दोघंही छाती ठोकून सांगत. आणि वाडी कुठे, तर चाकणच्याही पलीकडे!

शेवटी गावानं ठरवलं, की दोघांनी खंडोबाच्या देवळापुढे समोरासमोर बसायचं आणि काय काय केलं ते सांगायचं. ज्या गोष्टीवर कुणी शंका काढील, ती बेलभंडार उचलून पुन्हा सांगायची. देवाचा भंडारा हातात घेऊन खोटं बोलला, की देव त्याच्या घराला धरतो. हे वाडीत तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं.

सोजराबाईला घोर लागला. घरात सून पहिलटकरीण, दिवस भरत आलेले. आणि नवरा असा. सकाळी त्याला भाकरी वाढताना ती म्हणाली, "धनी, हरलात तरी चालंल. पर भंडाऱ्याच्या ताटाला हात लावू नका."

"खुळी का काय! म्या खोटं बोलतोच कुठं?" सयाजी म्हणाला. तिची भीती दुप्पट झाली.

दुपारी सभा भरली. पुरुष पारावर, बायका पदर सावरून भिंतीकडेला. मधोमध चिमाजी गुरव पिवळ्याधमक भंडाऱ्याचं ताट घेऊन बसला.

अर्जुनरावांनी सुरुवात केली. "वाडीला एष्टी म्या आणली!"

"उचला भंडार!" सयाजी ओरडला.

अर्जुनरावांनी ताटाकडे पाहिलं. "आणली म्हंजे... अर्ज केला."

"उचला!"

"अर्ज दुसऱ्यानं केला. म्या संगं गेल्तो. खेडपतूर."

लोक खो खो हसले. मग सयाजीची पाळी आली. शाळेवर त्यानं घातलेली कौलं बघता बघता एका कौलावर आली, तेही शेजारच्याचं. सोजराबाईच्या जिवात जीव आला. ताट जवळ आलं की नवरा मागे सरत होता. चला, देवाला तरी भितो.

पण तेवढ्यात विहिरीचा विषय निघाला.

"उन्हाळ्यात विहिरीचा गाळ म्या काढला," सयाजी म्हणाला.

"तू? गाळ म्या काढला!" अर्जुनराव उसळले. "उचल भंडार!"

"उचलतो! भितो का काय?" सयाजीला चेव चढला होता. बाह्या सारून तो ताटाकडे निघाला.

सोजराबाईला सगळं लख्ख आठवत होतं. त्या दिवशी गावातले बाकीचे बाप्ये कांदा घेऊन चाकणच्या बाजाराला गेले होते. हे दोघं आपापला एकेक बैल एकाच गाड्याला जुंपून भोसरीच्या घाटात, म्हणजे गाडे पळवायच्या धावपट्टीवर, शर्यतीला गेले होते. पहिला नंबर आला म्हणून सयाजीनं बक्षिसाची तांब्याची घागरही आणली होती. सोजराबाई ती चिंचेनं घासून पाणवठ्यावर मिरवायची. आणि गाळ? तो काढला होता बायकांनी. पण बायकांनी केलेलं काम गावात कोण मोजतो!

पुरुषांच्या सभेत ती जन्मात बोलली नव्हती. पण डोळ्यांपुढे सून उभी राहिली. ती तरातरा गेली आणि सयाजीच्या आधी तिनं भंडाऱ्यात हात घातला.

"गाळ आमी बायकांनी काढला. ह्या दोघांतलं कुणी काठावर बी नव्हतं. देवा, ह्यांचं बोलणं मनावर घिऊ नकोस."

भिंतीकडून गोजाबाई ओरडली, "व्हय व्हय! माझं कंबरडं अजून धरलंय!" मग सगळ्याच बायका बोलू लागल्या, आणि पुरुषांना आपापल्या पायातल्या वहाणा बघण्यासारख्या वाटू लागल्या.

"मंग सयाजीराव, तुमी कुठं व्हतात?" चिमाजीनं ताट पुढे केलं.

सयाजीनं बायकोच्या भंडाऱ्यानं पिवळ्या झालेल्या हाताकडे पाहिलं. मग मुकाट्यानं भंडारा उचलला.

"भोसरीला. शर्यतीला."

"आन पहिले आलात," कुणीतरी म्हणालं.

सयाजीनं आपल्या मुठीकडे पाहिलं. भंडारा तर हातात. "न्हाई," तो म्हणाला. "आमचा गाडा निम्म्या घाटात आडवा झाला. बैल उसात शिरलं."

अर्जुनरावांनी कपाळावर हात मारला. हे दोघांनी मिळून दडवलेलं होतं.

"आरं, मंग घागर?" गोजाबाईनं विचारलं.

"ती येताना चाकणच्या बाजारात घेतली. हिची घागर दोनदा सांधल्याली, गळत व्हती. विकत घेतली म्हनलं आस्तं तर हिनं परत द्यायला लावली आस्ती."

सभा हसून लोटपोट झाली. सोजराबाईला मात्र धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. इतके दिवस ज्या घागरीचा तोरा मिरवला, ती बक्षिसाची नव्हतीच! तिनं नवऱ्याशी अबोला धरला आणि पाण्याला पुन्हा जुनी गळकी घागर काढली.

मतं पडली. सयाजी थोडक्यात हरला. दुसऱ्या दिवशी चावडीवर सांगू लागला, की अर्जुनरावाला आपणच निवडून आणलं. "ताट आणू का?" चिमाजीनं विचारलं, तेव्हा उठून घरी आला आणि ओसरीवर तोंड पाडून बसला.

सोजराबाईनं त्याच्याकडे पाहिलं. मग आत गेली, चिंच भिजवली आणि तांब्याची घागर लखलखेपर्यंत घासली.

विहिरीवर बायका टपलेल्याच होत्या. "काय गं सोजरा, शर्यतीची का ही?" गोजाबाईनं डोळे मिचकावले.

"न्हाई," सोजराबाई म्हणाली, आणि पलीकडच्या आळीला ऐकू जाईल एवढा आवाज चढवला. "आमच्या धन्यांनी घेतलीया. चाकणच्या बाजारातनं, माझ्यासाठी. खोटं वाटत आसंल तर आण ताट!"