नोटिशीवरचा कोंबडा

मी कोंबडा बोलतोय. दचकू नका, आरवणार नाही. आरवायला गळा लागतो आणि माझ्या गळ्याच्या जागी जाळीची खिडकी आहे, आतल्या माणसाला रस्ता दिसावा म्हणून. पिवळा मखमली पडदा, वेताच्या बरगड्या, कागदाच्या लगद्याचं डोकं आणि त्यावर लाल तुरा, एवढाच माझा ऐवज.

तुरियाल्बा गावात बाजाराच्या रस्त्यावर ओर्तेन्सियाबाईंचं भाजलेल्या कोंबडीचं दुकान आहे. त्याच्या दारात नाचून गिऱ्हाईक आत ओढायचं, ही माझी नोकरी. म्हणजे आपल्याच जातभाईंना खायला लोकांना हसत हसत बोलवायचं. सुरुवातीला कसंतरीच वाटलं, मग अंगवळणी पडलं. नोकरी म्हटली की हे आलंच.

जत्रेतले मोठाले मुखवटे करणाऱ्या एका म्हाताऱ्याने मला घडवलं. पडदा बंद पडलेल्या थिएटरचा. डावा डोळा त्याने जेवणाआधी रंगवला आणि उजवा जेवणानंतर, त्यामुळे उजवा लहान आणि झोपाळू झाला. डोकंही त्या बाजूला जरा जड आहे. अख्ख्या कोस्टा रिकात इतका तिरळा कोंबडा दुसरा नसेल, आणि याचा मला अभिमान आहे.

माझ्यात शिरणारी माणसं बरीच झाली. एकजण उभ्या उभ्या झोपायचा. एकजण आत बसून फोनवर प्रेयसीशी भांडायचा आणि मी रस्त्यावर उगाच पंख उडवत राहायचो. मग आला एलिएसेर.

एलिएसेर सकाळी दफनभूमीत माळीकाम करायचा. पन्नाशी उलटलेला, हाडकुळा, चेहऱ्यावर कायम सांत्वनाला आल्याचा भाव. दुपारची चार तासांची कोंबडेगिरी त्याने जोडधंदा म्हणून घेतली. हा काय नाचणार, असं मला वाटलं होतं. पण डोकं चढवलं मात्र, बाबाच्या अंगात आलं! पहिल्याच दुपारी तो बसथांब्याच्या बाकावर चढून कंबर हलवायला लागला. माझ्या दोन बरगड्या निखळल्या. लोकांनी शिट्ट्या मारल्या.

ओर्तेन्सियाबाईंचे नियम दोन. रस्त्यात डोकं काढायचं नाही आणि कोंबड्याने बोलायचं नाही. "बोललास की आतला माणूस दिसतो," त्या म्हणायच्या. एलिएसेर मागच्या दाराने यायचा, मागच्या दाराने जायचा. आत कोण आहे हे गावात कुणालाच ठाऊक नव्हतं.

तिसरा नियम त्याने स्वतःच केला. आमच्या रस्त्यावरून अंत्ययात्रा जातात, पुढे गाडी आणि मागे माणसं पायी. शववाहिनी दिसली की एलिएसेर नाचता नाचता थबकायचा. पाय जोडायचा, दोन्ही पंख छातीवर आडवे घ्यायचा, मान खाली घालायचा. माझं डोकं उजवीकडे जड, म्हणून मानही उजवीकडे कलायची. गाडी गेली की पुन्हा धुमाकूळ. शोक करणारी माणसंसुद्धा जाता जाता कोंबड्याला मान लववायची.

आता समोरच्या बाजूला चला. तिथे छपराखाली मारिएलोस लॉटरीची तिकिटं विकते. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, आवाज खणखणीत, आणि हसली की फळीवरची तिकिटं थरथरतात. गिऱ्हाईक नसलं की ती रस्ता ओलांडून माझ्याशी गप्पा मारायला यायची. आत कुणी कॉलेजातलं पोरगं असणार, अशी तिची पक्की खात्री.

"काय रे पोरा, आज काय पायात स्प्रिंगा बसवल्यास का?" अशी सुरुवात व्हायची आणि मग अख्खं गाव निघायचं. भाचीचं लग्न, नव्या कवळीचा त्रास, सगळं. कोंबडा काही बोलत नाही म्हटल्यावर माणूस काय काय सांगतो!

एक दिवस म्हणाली, "सकाळी तो वाळका बाप्या येऊन गेला. सोडत असली की येतो. शून्य आठ नंबर मागतो, पैसे ठेवतो, चालता होतो. ना नमस्कार ना चमत्कार. तोंडात सिमेंट भरलंय जणू!"

आत एलिएसेर गारठला. कारण वाळका बाप्या म्हणजे तोच.

"पण तुला म्हणून सांगते," तिने आवाज उतरवला, "त्याचा नंबर मी फळीखाली लपवून ठेवते. कुणी मागितला तर संपला म्हणते. का, ते विचारू नकोस. कोंबड्याला काय कळतंय त्यातलं!"

एलिएसेरचं काळीज माझ्या बरगड्यांवर असं धडका मारायला लागलं की मला वाटलं आता हा मला फोडून बाहेर पडणार. त्या दुपारी त्याने विजेच्या खांबाभोवती इतक्या गिरक्या घेतल्या की बसवाल्याने बस थांबवून पाहिलं.

दुसऱ्या दिवशी त्याने भांग पाडला आणि राजीनामा दिला.

"का?" ओर्तेन्सियाबाईंनी विचारलं.

"गुडघे दुखतात."

"गुडघे? काल खांबाला मिठी मारून फिरत होतास तू!"

"तेव्हाच दुखले."

खरं कारण त्याने कोठीत मला हुकावर अडकवताना सांगितलं. "गड्या, चोचीतून कॉफी पिता येत नाही रे." तेव्हा माझ्या ध्यानात आलं. आमच्याकडे दुपारी तीनला सगळं गाव कॉफीला बसतं, आणि तीनला हा असतो माझ्या पोटात. मारिएलोसला कॉफीला बोलवायचं तर कोंबडा सोडणं भाग होतं.

"महिनाभर नोटीस भरावी लागेल," बाई म्हणाल्या, "कायदा आहे. आणि जाण्याआधी माझ्या जावयाला नाच शिकव. घरी नुसता लोळतोय."

अहाहा, तो नोटिशीचा महिना! नोटिशीवरच्या माणसाला कुणाची भीती उरत नाही, हे मी तेव्हा पाहिलं. ज्या मालकिणीपुढे एलिएसेर मान वर करत नसे, तिलाच हाताला धरून त्याने फुटपाथवर गरागरा फिरवलं, हातातल्या ट्रेसकट. पाद्रीबाबांच्या मागे तो त्यांच्याच चालीने चौकापर्यंत गेला. दुकानाबाहेर रांग लागायला लागली. "जाऊ नकोस रे," बाई गळ घालायच्या, "रोज एक तंगडी घरी देईन." तो नुसता पंख हलवायचा. माझी शिवण उसवत होती, आणि मला इतकी मजा आयुष्यात कधी आली नव्हती.

मग जावई आला. विल्बर त्याचं नाव. उंच, सुस्त, आणि माझ्यात शिरताना नाक धरणारा.

"काका, यात वास येतो."

"माझाच आहे," एलिएसेर म्हणाला. "सवय होईल. मी समोरून बघतो, तू नाच."

आणि तो साध्या कपड्यांत रस्ता ओलांडून थेट मारिएलोसच्या फळीशेजारी जाऊन उभा राहिला. मी इकडे दुसऱ्याच्या अंगावर! ते दोघं काय बोलतात हे ऐकायला जीव टांगणीला लागला. नशीब, मारिएलोसचा आवाज इकडच्या फुटपाथपर्यंत येतो.

"हा आपला कोंबडा नव्हे!" ती म्हणाली. "आपला कुठे आणि हा इस्त्रीचं टेबल कुठे! पोरगं आजारी पडलं की काय?"

एलिएसेरने तोंड उघडलं.

तेवढ्यात चौकातून शववाहिनी वळली. जाळीतून विल्बरला दिसली ती नुसती गर्दी. त्याला वाटलं गिऱ्हाईक आलं! पठ्ठ्याने दोन्ही पंख फडफडवले आणि शवपेटीसमोर बुड हलवून दाखवलं. माझ्या तुऱ्याची लाजेने घडी व्हायची बाकी होती. काळ्या कपड्यातल्या आज्या जागच्या जागी थिजल्या.

आणि समोर, आपण कुठे आहोत हे विसरून, एलिएसेरने सवयीने पाय जोडले. दोन्ही कोपरं छातीवर आडवी घेतली. मान खाली घातली, उजवीकडे कलती.

मारिएलोसने माझ्याकडे पाहिलं. त्याच्याकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे. तिने तोंडावर हात दाबला, खांदे हलायला लागले, तिकिटं थरथरली. प्रेतयात्रा चाललीय आणि या बाईला हसू आवरेना! मग एकाएकी हसू थांबलं. आजवर कोंबड्याला काय काय सांगितलं, ते तिला आठवत होतं.

गाडी पुढे जाईपर्यंत ती थांबली. मग फुटली.

"तू? दोन वर्षं तू? अरे, मी तुला माझ्या कवळीचं सांगितलं! आणि त्या नंबराचं..." तिने फळी मिटली आणि ती तरातरा निघून गेली.

त्यानंतर मारिएलोस फळी भिंतीकडे तोंड करून मांडायला लागली. एलिएसेर नाचायचा, पण पाय नुसते उचलून ठेवायचा. मला आतून सगळं कळत होतं. नोटिशीचा शेवटचा आठवडा, आणि ज्या कॉफीसाठी नोकरी सोडली तीच गेली होती. कोठीत तो मला म्हणाला, "राजीनामा मागे घेऊ का रे? आत असलो म्हणजे निदान ती दिसते तरी." मला बोलता येत नाही. मी हुकावरून सुटलो आणि त्याच्या टाळक्यात पडलो. एवढंच माझ्या हातात होतं.

शेवटचा दिवस उजाडला. तीनच्या सुमारास मारिएलोसने फळी मिटली आणि रस्ता ओलांडून ती थेट माझ्यासमोर येऊन उभी राहिली. रागीट तोंड करून, पण ते तिला नीट जमत नव्हतं.

"पोरा," ती मोठ्याने म्हणाली, "तुझं एक काम आहे. तो वाळका बाप्या भेटला तर निरोप दे. उद्या तीनला मी या दुकानात कॉफीला बसणार आहे. एकटी बसू की कसं, ते त्याने ठरवावं. बोलता येत नाही म्हणून घाबरू नकोस म्हणावं. कोंबड्याने दोन वर्षं निमूट माझं ऐकलं. मला तेवढं पुरतं."

आणि मग माझ्या चोचीतून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असा आवाज निघाला, "येतो!"

एका पोरीच्या हातातलं आइस्क्रीम पडलं. ओर्तेन्सियाबाई झाऱ्यासकट बाहेर धावल्या. "कोंबडा बोलला! अरे, नोटीस अजून संपली नाही! दोन तास आहेत!"

ते दोन तास तो कसा नाचला म्हणून सांगू! माझी शेपटी गळून पडली, ती अजून सापडलेली नाही.

दुसऱ्या दिवशी विल्बरला उशीर झाला, म्हणून मी दाराजवळच्या हुकावरच होतो. तीनला दोघं आली. एलिएसेरने भांग पाडला होता आणि तोंडात पुन्हा सिमेंट. पण मारिएलोस बोलत सुटली, आणि रेडिओवर एक गाणं लागलं. मी पाहिलं, टेबलाखाली त्याचा पाय हलतोय. मग कोपरं हलली. मग माणूस उठलाच, आणि टेबलांच्या मधून नाचायला लागला. मारिएलोस हसता हसता कवळी सांभाळत होती.

माझा नाच मी त्या दिवशी पहिल्यांदा बाहेरून पाहिला. आजवर मला वाटायचं, नाचतो तो मी. वाईट वाटायला हवं होतं. पण हुकावर लटकल्या लटकल्या माझा तुरा ठेक्यात हलत होता.

तर जावईबापू, या आता लवकर. नाक धरा हवं तर. फक्त शववाहिनी आली की उभे राहा, आणि समोरच्या बाई रस्ता ओलांडून काही सांगायला आल्या, तर निमूट ऐकून घ्या. पुढे काय झालं, ते मला कळायला हवं.