सहाने भागायचं होतं

बायकोच्या रक्ताची नळी त्याने दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही. बावीस वर्षं तो याच लॅबमध्ये रक्त तपासत होता. घरचं माणूस दाखल झालं म्हणून बाहेर बाकावर हात बांधून बसणं त्याला जमलं नसतं.

तिला आठवडाभर खोकला होता. कोपऱ्यावरच्या दुकानातून त्यानेच सिरप आणून दिलं. गोडमिट्ट होतं, तिला आवडलं. दोन दिवसांत बाटली संपली. मग उलट्या सुरू झाल्या, लघवी कमी झाली.

"औषधात भेसळ असेल अशी शंका आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ऑस्मोलॅलिटी काढा. गॅप मोठा आला तर लगेच डायलिसिस."

रक्तात एकूण किती काय विरघळलंय, त्याचा हा आकडा. एकदा यंत्रावर मोजायचा, एकदा कागदावर मांडायचा. सोडियमची दुप्पट, त्यात साखर भागिले अठरा, त्यात यूरिया भागिले दोन पॉइंट आठ. मोजलेला आकडा मांडलेल्यापेक्षा दहाहून जास्त निघाला, तर रक्तात काहीतरी परकं आहे, बहुतेक विष.

यंत्राने तीनशे बावीस दाखवले. त्याने कागदावर मांडलं: दोनशे शहात्तर, सहा आणि तीस. तीनशे बारा. फरक दहाचा. त्याचा जीव भांड्यात पडला.

"दहाच? मग विष नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "जंतुसंसर्ग धरून चालू. तुम्ही केलंय म्हणजे मी परत बघत नाही."

तो खाटेपाशी गेला.

"काय हो, पास की नापास?" बायकोने विचारलं.

"पास."

"मग घरी न्या की. ही उशी आहे का धोंडा?"

"दोन दिवस कळ काढ."

"तुम्ही जेवलात? खोटं सांगू नका, तोंड बघा कसं सुकलंय."

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या टेबलावर नवी टेक्निशियन एका म्हाताऱ्याचा हाच आकडा काढत होती. त्याने सवयीने डोकावलं.

"सहाने काय भागतेस? दोन पॉइंट आठने भाग."

"ते जुन्या मशीनला, काका. ते नुसता यूरियातला नायट्रोजन द्यायचं. हे अख्खा यूरिया देतं, म्हणून सहा. गेल्या महिन्यात इंजिनीअर सांगून गेला की. तुम्ही रजेवर होतात."

एवढं बोलून ती आपल्या कामाला लागली.

नायट्रोजनला दोन पॉइंट आठ आणि अख्ख्या यूरियाला सहा, हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. शिकाऊ पोरांना त्यानेच कितीदा शिकवलं होतं. पण हात बावीस वर्षं दोन पॉइंट आठनेच भागत आला होता. त्याने कालचा कागद काढला. यूरिया चौऱ्याऐंशी. भागिले सहा, चौदा. बेरीज दोनशे शहाण्णव. फरक सव्वीस.

लिफ्टची वाट न बघता तो तीन मजले धावत चढला. डॉक्टरीणबाईंनी कागद पाहिला, त्याच्याकडे पाहिलं आणि फोन उचलला. तासाभरात डायलिसिस सुरू झालं. मूत्रपिंडं सकाळीच बंद पडली होती. संध्याकाळी बायको म्हणाली, "अहो, दिवा लावा ना." दिवा लावलेलाच होता.

"कालच सुरू केलं असतं तर?" त्याने विचारलं.

"सांगता येत नाही," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तो रोज विचारत राहिला, त्याही रोज तेच सांगत राहिल्या.

सातव्या दिवशी ती गेली. तिचा भाऊ जिन्यात पायरीवर बसला होता.

"दाजी, नेमकं काय झालं?"

"भागाकार चुकला."

"कुणाचा?"

"माझा."

मेहुण्याने गचांडी धरावी, दोन थोबाडीत द्याव्यात, म्हणून हा समोर तसाच उभा राहिला. मेहुण्याने काहीच केलं नाही. जरा सरकून त्याने पायरीवर जागा करून दिली. थोड्या वेळाने हा खाली बसला.