सोळा पानांचं शहाणपण

बापूने रिपोर्टची चौपदरी घडी घातली, शर्टाच्या आतल्या खिशात सारली आणि वरून तळहाताने दाबली. डॉक्टरांच्या खोलीतून बाहेर पडण्याआधी त्याने वाक्य एकदा मनात घोकून पाहिलं. 'पित्ताशयात खडे आहेत. औषधाने विरघळतील.'

डॉक्टरांनी सांगितलं होतं ते याहून वेगळं होतं. यकृतभर गाठी आहेत, मूळ आणखी कुठेतरी आहे, आणि आता या टप्प्यावर कापाकापी करण्यात अर्थ नाही. चार महिने, फार तर पाच. "त्यांना सांगायचं की नाही, ते तुम्ही घरच्यांनी ठरवा," असं म्हणून त्यांनी पुढच्या माणसासाठी घंटी वाजवली होती.

बाहेर बाकावर ताई दोन्ही पाय वर घेऊन बसली होती, कारण खालची फरशी ओली होती. पुसणारी बाई फडकं पिळत होती आणि ताई तिच्या बादलीत डोकावत होती.

"आधी पाणी घेता, का आधी औषध?"

"आधी पाणी. औषध आधी ओतलं तर फेस चढतो नुसता. आणि वरून पाणी घेताना डोळ्यांत उडतं."

"बघा, मी इतकी वर्षं उलटंच करतेय," ताई म्हणाली. तिला खरोखर आनंद झाला होता. मग बापूकडे लक्ष जाताच तिने पाय खाली सोडून चपला शोधल्या. "झालं? चल."

बापू वाट पाहत राहिला. जिन्यावर विचारील, फाटकाशी विचारील, बसमध्ये तरी विचारील. बसमध्ये ती खिडकीशी बसली आणि स्टॉप येईपर्यंत एवढंच म्हणाली, "भूक लागलीय रे." घोकलेलं वाक्य बापूच्या जिभेवर तसंच राहिलं.

ताईने काही विचारलं नाही, असं आजवर घडलेलं त्याला आठवत नव्हतं. आई गेली तेव्हा बापू तीन वर्षांचा होता आणि ताई सातवीत. तिची शाळा तिथेच सुटली. पुढे ती एका बाइंडिंगच्या कारखान्यात लागली आणि तिथेच चाळीस वर्षं राहिली. छापून आलेले मोठाले कागद, म्हणजे फर्मे, हाडाच्या पट्टीने दुमडायचे. एका फर्म्यात पुस्तकाची सोळा पानं. दुमडता दुमडता ती वाचायची. मधमाशी नाचून दुसरीला फुलांचा पत्ता सांगते, हे तिला ठाऊक होतं. पण नाचातून पत्ता नेमका कळतो कसा, ते पुढच्या फर्म्यात होतं आणि तो फर्मा पलीकडच्या टेबलावर जात असे. राजे गादीवर बसलेले तिला माहीत असायचे, उतरलेले नसायचे. "माझं सगळं शहाणपण सोळा पानांचं," ती म्हणायची. उरलेली पानं ती माणसांना विचारून भरून काढी. कारखान्यात तिला 'चौकशीची खिडकी' म्हणत. तिला ते नाव आवडायचं.

बापूला मात्र लाज वाटायची. शाळेच्या वाटेवर टेलिफोनच्या खांबावर कुणी चढलेला दिसला की ताई मान वर करून उभी राहायची आणि खालून ओरडून विचारायची. बापू तिचा हात सोडून दहा पावलं पुढे जाऊन थांबायचा, जणू ही बाई आपली कुणीच नाही. मोठेपणी त्याने चष्म्याचं दुकान टाकलं. कागदावरचा नंबर बघावा, काच घासावी, फ्रेममध्ये बसवावी. नसत्या गोष्टीत नाक खुपसू नये, असा त्याचा स्वभाव. "तुला काय करायचंय?" हे वाक्य त्याने ताईला आयुष्यात किती वेळा ऐकवलं, याची गणती नव्हती.

दवाखान्यातून त्याने तिला सरळ आपल्याच घरी आणलं. बायकोला स्वयंपाकघरात नेऊन खरं काय ते सांगितलं आणि खड्यांचं पढवलं. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दारातच गाठून तो पढवत असे. लोक आत जाऊन "खडे काय, हल्ली घरोघरी असतात," असं म्हणत. ताई हसून "हो का?" म्हणे आणि त्यांच्या नोकरीधंद्याची चौकशी सुरू करी.

पहिले काही दिवस बापूच्या जिवात जीव आला. मग तेच त्याला खुपायला लागलं.

"बादलीतल्या औषधाची चौकशी करणारी बाई," तो बायकोला म्हणाला, "आपल्या पोटात काय आहे ते विचारत नाही?"

"घाबरल्या असतील हो वन्सं."

बापूने मान हलवली. ताई घाबरली की जास्त बोलते, हे त्याला ठाऊक होतं.

दुसऱ्या महिन्यात तिचे सगळे कपडे ढगळ झाले. ते आत घ्यायला वरच्या मजल्यावरची शिंपीण आली. शिंपीण जन्मापासून बहिरी. तिचा नवरा बसवर कंडक्टर. त्याला ऐकू येई आणि तो तिच्याशी हातांनी बोलत असे. माप घेताना त्या बाईने नवऱ्याला काहीतरी खूण केली आणि तो खो खो हसला. झालं. ताईचे डोळे चमकले.

"काय म्हणाल्या त्या? पुन्हा करायला सांगा ना. सावकाश."

त्या दिवसापासून दुपारचे दोन तास ठरून गेले. आधी ताई कठड्याला धरून वर जायची. मग जिना चढवेना, तेव्हा शिंपीण शिवणाची पिशवी घेऊन खाली येऊ लागली. ताई उशीला टेकून बसायची आणि बोटं वळवत राहायची. चुकली की शिंपीण तिच्या हातावर हलकी चापट मारी. दोघींचं हसू स्वयंपाकघरापर्यंत ऐकू येई. शिंपिणीचं घशातून फुटलेलं, मोठं, कुणाची पर्वा नसलेलं.

बापूच्या बायकोला राहवेना. "वन्सं, जरा पडून राहा हो. आता कशाला हा खटाटोप?"

"अगं, मला आपलं वाटायचं, बोलायला जीभ लागते," ताई म्हणाली. तिचा चेहरा पिवळा पडला होता, पण बोलताना ती पुढे सरकून बसली. "आणि गंमत सांगू? तीच खूण भुवया उंचावून केली की तिचा प्रश्न होतो. म्हणजे प्रश्नचिन्ह कपाळावर! एवढं घबाड आपल्या डोक्यावरच्या मजल्यावर होतं आणि मी खाली पंख्याची पाती मोजत पडले होते."

एका दुपारी बापू दुकान लवकर बंद करून आला. ताईच्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत दोघी समोरासमोर बसल्या होत्या. ताईने स्वतःच्या पोटावर हात ठेवला. मग खिडकीबाहेर, दुकानाच्या दिशेने बोट केलं. मग एक मूठ वळून तिच्यावर दुसऱ्या हाताचं झाकण घातलं, आणि मान अगदी हळू हलवली. शिंपीण बाहीने डोळे पुसत होती. ताईने तिच्या गुडघ्यावर थोपटलं.

बापू आवाज न करता मागे सरला. जिन्यात कंडक्टर भेटला. ड्यूटीवर निघाला होता, खांद्याला तिकिटांची पिशवी.

"आत काय बोलतायत त्या?" बापूने विचारलं.

"बायकांचं चाललं असेल काहीतरी."

"माझ्या दुकानाकडे बोट केलं तिने. आणि हे असं." बापूने मूठ वळली, वर हात झाकला.

कंडक्टरने पिशवीचा पट्टा उगाच सारखा केला. "तुम्ही लपवताय, असं."

"काय लपवतोय?"

"बापू, त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक आहे." कंडक्टरचा आवाज खाली आला. "पोटाचे फोटो काढणारा तो पोरगा नाही का दवाखान्यातला, त्याला यांनी विचारलं म्हणे, काळं म्हणजे काय आणि पांढरं म्हणजे काय. त्याला बिचाऱ्याला आजवर कुणी विचारलेलं नव्हतं. त्याने कौतुकाने शिकवलं. चांगलं यकृत कसं दिसतं, त्याची एक फिल्मही दाखवली. मग आपली फिल्म यांनी आपणच वाचली."

बापूने कठडा धरला. खाली रस्त्यावर कुणीतरी मोटारीचं दार दोनदा आपटलं.

"मग मला का नाही विचारलं?"

"आमच्या हिनेही तेच विचारलं. तर म्हणाल्या, बापूला लहानपणापासून खोटं बोलता येत नाही. विचारलं तर त्याची पंचाईत होईल." कंडक्टर एक पायरी उतरला आणि थांबला. "आणि म्हणाल्या, हे एक कळलंय ना, मग आता बाकीचं बघू."

तो गेला. बापू पायरीवर बसून राहिला. थोड्या वेळाने शिंपीण बाहेर आली, त्याला पाहून क्षणभर थबकली आणि त्याच्या बाजूने अंग चोरून वर निघून गेली.

तो आत गेला तेव्हा ताई पांघरुणावर हात ठेवून मगाचा धडा गिरवत होती. बोटं बारीक झाली होती; त्यामुळे की काय, खुणा स्वच्छ उमटत होत्या.

"आज लवकरसा?"

"गिऱ्हाईक नव्हतं," बापू म्हणाला, आणि त्याचे कान गरम झाले. ताईने पांघरुणाचा काठ सारखा केला.

त्याने खुर्ची ओढून घेतली. सांगायचं पुष्कळ होतं. दहा पावलं पुढे जाऊन थांबणाऱ्या पोराबद्दल, दोन महिने दारात गाठलेल्या माणसांबद्दल. त्याने चष्मा काढून शर्टाला पुसला, पुन्हा घातला.

"ताई."

"हं?"

"'मला माहीत आहे' हे हाताने कसं म्हणायचं?"

ताईचे हात थांबले. तिने त्याच्याकडे पाहिलं. बापूने नजर खाली घातली नाही. मग तिने उजव्या हाताची बोटं जुळवून कानशिलाला लावली आणि हात सावकाश छातीपर्यंत खाली आणला.

बापूने करून पाहिलं. त्याचा अंगठा बाहेरच राहिला.

"अंगठा आत घे," ताई म्हणाली. तिने त्याचं मनगट धरलं आणि अंगठा स्वतःच्या हाताने दुमडून तळव्यात बसवला. "बाहेर राहिला तर अर्थ बदलतो."

"काय होतो मग?"

ताईने कोपरावर भार देऊन उशी पाठीमागे ओढली आणि त्याचा हात न सोडता हळूहळू उठून ताठ बसली.

"थांब," ती म्हणाली, "नीट दाखवते."